नोटर डेम, १९१३ : हार्पर यांचा पहिला हंगाम

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड गावाला लागून असलेल्या नोटर डेम या कॅथलिक महाविद्यालयाने १९१३च्या हंगामात फुटबॉलचे सात सामने खेळले आणि सातही जिंकले. त्यांचे गुण २६८, प्रतिस्पर्ध्यांचे ४१. अपराजित राहणे या संघाला नवे नव्हते. आधीचे दोन हंगामही त्याने एकही सामना न हरता काढले होते. पण त्या दोन हंगामांची आठवण आज आकडेवारीच्या पुस्तकांपुरती उरली आहे, आणि १९१३चा हंगाम मात्र अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक इतिहासात हटकून येतो. संघातले मुख्य खेळाडू तेच होते, मैदान तेच होते. बदलले होते ते प्रतिस्पर्धी, आणि त्यांना बदलणारा माणूस त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून रुजू झाला होता. जेसी हार्पर हे त्याचे नाव. या हंगामाची लोकप्रिय गोष्ट दोन खेळाडूंभोवती आणि हवेतून फेकलेल्या चेंडूभोवती फिरते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी हार्पर यांच्या पत्रव्यवहारात आणि जमाखर्चाच्या वहीत आहे.

हा फुटबॉल आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे हा या खेळाचा गाभा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर पुढे सरकायचे. जमले नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. रेषा ओलांडली की टचडाउन, त्यानंतर लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारून जादा गुण. चाल ठरवणारा आणि चेंडू हाती घेणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. रांगेच्या दोन टोकांना उभे राहणारे ते एंड. आणि चेंडू पोटाशी धरून गर्दीत मुसंडी मारणारा धिप्पाड गडी म्हणजे फुलबॅक. पुढची गोष्ट समजायला एवढी माहिती पुरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचे एवढेच बंधन असल्याने डोके चालवण्याची फारशी गरज नसे. सगळ्यांनी एकमेकांना धरून एका जागी घुसायचे, समोरच्यांनीही तसेच अडवायचे. उलटी रस्सीखेचच ती, ओढण्याऐवजी ढकलायची. शिरस्त्राण घालण्याची सक्ती नव्हती आणि बहुतेक जण ते घालतही नसत. १९०५च्या हंगामात शिकागो ट्रिब्यूनने मोजदाद केली, तेव्हा देशभरात अठरा जणांचा जीव गेल्याचे दिसले. त्यांत बरीचशी शाळकरी मुले होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या खेळाचे चाहते. त्यांनी ऑक्टोबर १९०५मध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची समज दिली. डिसेंबरमध्ये साठेक महाविद्यालयांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी आजची राष्ट्रीय संघटना त्या बैठकीतून जन्मली आणि १९०६ साली खेळाचे नियम बदलले.

त्या बदलांत चेंडू पुढच्या दिशेने हवेतून फेकण्याची मुभा पहिल्यांदा मिळाली. मुभा मिळाली खरी, पण अटी अशा घातल्या की शहाणा प्रशिक्षक त्या वाटेला जाणार नाही. फेकलेला चेंडू कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला की तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. नंतर एका टप्प्यावर वीस यार्डांपलीकडे फेक करायची नाही, असेही ठरले. शिवाय त्या काळचा चेंडू कलिंगडाच्या वळणाचा, एका हातात नीट मावत नसे. सेंट लुइस विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी तरीही १९०६मध्येच फेकीवर आधारलेला खेळ उभा केला. नियमानुसार पहिली फेक त्यांच्याच ब्रॅडबरी रॉबिन्सनने सप्टेंबरमध्ये कॅरल महाविद्यालयाविरुद्ध केल्याचे मानले जाते. पुढच्या वर्षी मूळ अमेरिकन रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या कार्लाइल शाळेच्या संघाने पॉप वॉर्नर यांच्या हाताखाली हे तंत्र पूर्वेकडच्या मोठ्या संघांविरुद्ध वापरून दाखवले. पण पूर्वेकडची प्रतिष्ठित विद्यापीठे फेकीला हलक्या दर्जाची क्लृप्तीच समजत राहिली. अमेरिकन फुटबॉलची राजधानी तेव्हा पूर्व किनारा होती, आणि त्या राजधानीने मान्यता दिल्याखेरीज कोणतीही गोष्ट खेळात रुजत नव्हती.

१९१२ साली नियमसमितीने पुन्हा हात घातला आणि आजचा खेळ जवळपास तयार झाला. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आले, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा जोडला गेला आणि त्या पट्ट्यात झेललेली फेक टचडाउन धरली जाऊ लागली. दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळाले. टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. फेकीवरची वीस यार्डांची मर्यादा गेली आणि चेंडूचा घेर कमी करण्यात आला. दार उघडले होते. पण १९१२चा पूर्ण हंगाम गेला तरी पूर्वेकडच्या मोठ्या संघांनी त्यातून पाऊल बाहेर टाकले नाही.

नोटर डेमची स्थापना १८४२ साली एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूने केली. १९१३मध्ये तिथे शाळेच्या वर्गांतली मुले धरूनही विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या आसपास होती, आणि त्यांतले खरे महाविद्यालयीन विद्यार्थी त्याहून बरेच कमी. आयरिश, जर्मन, पोलिश स्थलांतरितांची, कष्टकरी घरांतली मुले वसतिगृहात राहून शिकत. फुटबॉल इथे १८८७ साली आला. शेजारच्या मिशिगन विद्यापीठाचा संघ येऊन खेळ शिकवून गेला आणि शिकवता शिकवता ८-० असे हरवूनही गेला. गुरूला हरवायला शिष्याला बावीस वर्षे लागली. १९०९मध्ये नोटर डेमने मिशिगनला ११-३ असे हरवले. पुढच्या वर्षी संघ सामन्यासाठी निघण्याच्या बेतात असताना मिशिगनने सामना रद्द केला. कारण दिले ते नोटर डेमच्या काही खेळाडूंच्या पात्रतेचे. त्यानंतर या दोन संघांची गाठ पडली ती थेट १९४२ साली.

मिशिगनच्या नकारामागचे खरे कारण काय, यावर इतिहासकारांत एकमत नाही. कॅथलिकांविषयीची अढी त्या काळच्या मध्य-पश्चिम अमेरिकेत उघड होती, आणि मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या मनात नोटर डेमविषयी आकस होता हेही नाकारता येत नाही. पण पात्रतेचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. खेळाडू किती वर्षे खेळला, याआधी कुठल्या महाविद्यालयातून खेळला, तो नेमका कोणत्या वर्गात शिकतो, याचा हिशेब नोटर डेममध्ये ढिला होता. अर्थात तो त्या काळी बऱ्याच ठिकाणी ढिला होता. एवढे खरे की शेजारच्या मोठ्या विद्यापीठांची जी वेस्टर्न कॉन्फरन्स संघटना होती (आजची बिग टेन) तिने नोटर डेमला आत घेतले नाही आणि तिचे सदस्य त्याच्याशी खेळायलाही तयार होईनात.

बहिष्काराचा फटका सर्वांत आधी तिजोरीला बसला. जवळपासचे मोठे संघ खेळत नाहीत म्हटल्यावर उरले ते छोटे संघ. त्यांना हरवणे सोपे, पण ते सामने पाहायला पैसे मोजून कोण येणार? १९१२मध्ये नोटर डेमने सेंट व्हायटरला ११६-७, एड्रियनला ७४-७ आणि मार्केटला ६९-० असे लोळवले. प्रशिक्षक होते जॅक मार्क्स; त्यांच्या दोन वर्षांत संघ एकदाही हरला नाही. कागदावर यापेक्षा चांगले काही असू शकत नाही. तरीही खेळांचा विभाग तोट्यात चालला होता, आणि धर्मगुरूंच्या एका छोट्या संस्थेला तो तोटा वर्षानुवर्षे सोसणे शक्य नव्हते. अध्यक्ष फादर जॉन कॅव्हना यांना नुसता प्रशिक्षक नको होता. खेळांचा सगळा कारभार पाहील, सामने ठरवील आणि खर्च भागवील असा माणूस हवा होता.

असा माणूस त्याच राज्यात, क्रॉफर्ड्सव्हिलच्या वाबाश महाविद्यालयात होता. हार्पर यांचा जन्म १८८३चा, इलिनॉय राज्यातल्या पॉ पॉ गावचा. शिकागो विद्यापीठात ते एमोस अलोन्झो स्टॅग यांच्या हाताखाली शिकले. स्टॅग म्हणजे त्या काळातले खेळातले सर्वांत सुपीक डोके. हार्पर स्वतः मोठे खेळाडू नव्हते. वॉल्टर एकरसॉल या नामांकित क्वार्टरबॅकच्या मागे राखीव म्हणून बसण्यातच त्यांचे दिवस गेले. पण राखीव खेळाडूला बाजूला बसून खेळ वाचायची सवय लागते, आणि प्रशिक्षकाला तीच उपयोगी पडते. आधी मिशिगनमधल्या अल्मा महाविद्यालयात आणि १९०९पासून वाबाशमध्ये त्यांनी मोजक्या मुलांचे संघ घेऊन मोठ्यांना घाम फोडला. १९११मध्ये त्यांच्या वाबाशने नोटर डेमला ६-३ एवढ्यावर रोखले होते. पुढच्याच वर्षी मात्र ४१-६ असा मार खाल्ला. ज्या संघाने आपल्याला झोडपले त्याच संघाची सूत्रे त्यांनी १९१३मध्ये हाती घेतली, आणि फुटबॉलबरोबर बास्केटबॉल, बेसबॉल आणि खेळखात्याचे संचालकपदही.

हार्पर यांनी संघाला काय शिकवले याआधी त्यांनी टेबलाशी बसून काय केले ते पाहायला हवे. शेजारी खेळत नसतील तर लांबचे गाठायचे, असा साधा विचार करून त्यांनी देशभरच्या संघांना पत्रे धाडली. पूर्वेला वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, म्हणजे आर्मीचा संघ, आणि पेन स्टेट. दक्षिणेला टेक्सास विद्यापीठ. वेळही अचूक साधली गेली. येलने आर्मीबरोबरचा दरवर्षीचा सामना थांबवल्यामुळे वेस्ट पॉइंटच्या वेळापत्रकात नोव्हेंबरच्या सुरुवातीचा शनिवार मोकळा पडला होता. पाहुण्या संघाला यजमानाने प्रवासखर्चापोटी ठरावीक रक्कम हमी म्हणून द्यायची, अशी तेव्हाची रीत होती. हार्पर यांनी हजार डॉलर मागितले आणि आर्मीने ते कबूल केले. जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता या सहलीतून शंभर डॉलरही उरले नाहीत. पण तोटा झाला नाही, आणि हार्पर यांना पहिल्या वर्षी एवढेच पुरेसे होते.

पत्रांबरोबर एक घरगुती काम त्यांनी उरकले. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम त्यांनी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या धर्तीवर आवळत आणले. शेजाऱ्यांच्या मनातली अढी त्यांना काढता येणार नव्हती, पण त्या अढीला मिळणारे निमित्त काढून टाकणे हातात होते. हे काम मैदानावर दिसत नाही आणि पुढे या हंगामाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात तर मुळीच येत नाही. मात्र पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या संस्था पुढे नोटर डेमशी निर्धास्तपणे करार करत गेल्या, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

संघाचा कर्णधार होता नूट रॉकनी. नॉर्वेतल्या व्हॉस गावात १८८८ साली जन्मलेला, पाच वर्षांचा असताना शिकागोला आलेला. शाळा सुटल्यावर त्याने काही वर्षे शिकागोच्या टपालखात्यात नोकरी केली आणि पैसे साठवून बावीसाव्या वर्षी नोटर डेममध्ये प्रवेश घेतला. तो रसायनशास्त्राचा हुशार विद्यार्थी; वर्गातल्या मुलांपेक्षा वयाने मोठा, अंगाने लहान आणि डोक्यावरचे केस विरळ होत चाललेला. तो एंडच्या जागी खेळे. त्याचा खोलीतला सोबती गस डोरे, विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्सचा, संघाचा क्वार्टरबॅक आणि वजनाने रॉकनीहूनही हलका. फुलबॅक रे आयकेनलाउब मात्र खऱ्या अर्थाने दांडगा होता. त्याच्या जोडीने चेंडू घेऊन धावणाऱ्या हाफबॅकच्या जागी जो प्लिस्का होता.

१९१३च्या उन्हाळी सुट्टीत रॉकनी आणि डोरे यांनी ओहायोमधल्या सीडर पॉइंट या ईरी सरोवराकाठच्या विहारस्थळी नोकरी धरली. ड्युटी संपली की दोघे चेंडू घेऊन वाळूत उतरत. या सरावात नवे होते ते झेलण्याचे तंत्र. तोवर फेक झेलणारा खेळाडू जागच्या जागी थांबून, दोन्ही हातांची ओंजळ पोटाशी धरून चेंडू जवळजवळ छातीवर आदळवून घेत असे. थांबलेल्या माणसाला पाडायला प्रतिस्पर्ध्याला काहीच कष्ट पडत नसत. रॉकनीने पूर्ण वेगात पळताना, मान वळवून, हात सैल ठेवून, नुसत्या बोटांत चेंडू घ्यायची सवय लावली. डोरेने धावणाऱ्याच्या अंगावर नव्हे तर तो दोन क्षणांनी जिथे पोहोचेल तिथे चेंडू टाकायचा सराव केला. वाळूत पाय रुततात, त्यामुळे पायांनाही बळकटी आली. किनाऱ्यावर फिरायला आलेल्यांना यात काय वाटले असेल ते असो. हार्पर यांना मात्र हे दोघे परत आले तेव्हा हवे ते हत्यार धार लावून मिळाले. वाबाशमध्ये त्यांनी स्वतः फेकीच्या चाली वापरल्या होत्या. कोणत्या मार्गाने कोणी धावायचे, फेकणाऱ्याभोवती संरक्षण कसे लावायचे, याची घडण त्यांनी केली. दोन खेळाडूंनी समुद्रकिनाऱ्यासारख्या एका जागी चमत्कार शोधला ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण संघाच्या चाली अशा सुट्टीत तयार होत नाहीत.

हंगाम ४ ऑक्टोबरला घरच्या कार्टियर मैदानावर सुरू झाला. ओहायो नॉर्दर्नवर ८७-० असा विजय मिळाला. अशा सामन्यातून काही शिकायला मिळत नाही. दोन आठवड्यांनी साउथ डकोटाने बऱ्यापैकी झुंज दिली, निकाल २०-७. मग हार्पर यांचेच जुने अल्मा महाविद्यालय आले आणि ६२-० असे हरून गेले. घरचे सामने इथेच संपले. उरलेले चारही परगावी होते.

आर्मीविरुद्धच्या सामन्यासाठी संघ गुरुवारी, ३० ऑक्टोबरला आगगाडीने निघाला. खेळाडू अठराच. खर्च वाचावा म्हणून जेवणाची शिदोरी महाविद्यालयाच्या स्वयंपाकघरातूनच बांधून घेतलेली. खिळ्यांच्या बुटांचे जोड खेळाडूंच्या संख्येपेक्षा कमी होते, असे नंतर सांगितले जाई. ही भर रॉकनीच्या रंगतदार कथनशैलीची असण्याचीही शक्यता आहे. समोरचा संघ शिस्तीत वाढलेला, वजनदार, हंगामात तोवर अपराजित. त्याचे प्रशिक्षक चार्ल्स डेली हेही त्याच वर्षी या जागेवर आलेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजलेला ओमर ब्रॅडली तेव्हा आर्मीच्या राखीव खेळाडूंत होता. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयसेनहॉवरही त्याच वर्गातला, पण आदल्या वर्षी गुडघा निकामी झाल्याने त्याचा खेळ संपला होता. तो या सामन्यात खेळला असे काही ठिकाणी छापून येते, ते चूक आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर. वेस्ट पॉइंटला तेव्हा बंदिस्त स्टेडियम नव्हते. हडसन नदीवरच्या पठारावरच मैदान आखलेले, कडेला काही हजार प्रेक्षक. सुरुवातीच्या काही मिनिटांत आर्मीच्या वजनाचा दाब जाणवला. मग डोरेने फेकी सुरू केल्या. रॉकनीने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याने पहिले काही डाव मुद्दाम लंगडत खेळून काढले. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या आर्मीच्या बचावपटूने हा गडी जायबंदी आहे असे धरले आणि थोडी ढील दिली. पुढच्या डावात रॉकनी लंगडत निघाला, एकाएकी सुसाट सुटला आणि डोरेची लांब फेक त्याने पळता पळता हातांत घेऊन रेषा ओलांडली. त्याच्या जवळपास एकही माणूस नव्हता. मैदान काही क्षण शांत झाले, असेही रॉकनीच सांगतो.

आर्मी खचली नाही. दुसऱ्या सत्रात तिने दोन टचडाउन करून १३-७ अशी आघाडी घेतली. मध्यंतराआधी नोटर डेमने पुन्हा फेकींच्या जोरावर मैदान कापले आणि १४-१३ असे एका गुणाने पुढे गेले. सामना खरा ठरला तो तिसऱ्या सत्रात, जेव्हा कोणीही गुण केला नाही. आर्मीने रेटत रेटत नोटर डेमच्या रेषेच्या अगदी तोंडाशी चेंडू आणला होता. हलक्या वजनाच्या रांगेने तिथे मुसंड्या थोपवल्या, आणि आर्मीने नाइलाजाने केलेली फेक डोरेने स्वतःच मधल्या मध्ये झेलली. ज्या अस्त्राने नोटर डेम जिंकत होते, त्याचा सराव नसलेल्या हातांनी केलेला हा वापर होता.

चौथ्या सत्रात आर्मीचा बचाव फाटला. लांबच्या फेकी अडवण्यासाठी बचावपटूंना मागे आणि बाजूला पांगावे लागले. ते पांगले की मधून आयकेनलाउब घुसे. ते पुन्हा मध्ये गोळा झाले की चेंडू डोक्यावरून प्लिस्काकडे जाई. त्या एका सत्रात तीन टचडाउन झाले आणि अंतिम निकाल ३५-१३ असा लागला. डोरेच्या १७ फेकींपैकी १४ यशस्वी झाल्या, अंतर सुमारे २४० यार्ड. आकड्यांत एखाददुसऱ्याचा फरक वेगवेगळ्या नोंदींत आढळतो, आणि त्या काळच्या नोंदी पाहता तो असणारच. महत्त्वाचे हे की पाच टचडाउनपैकी फेकीवर झालेले दोनच, बाकीचे धावून. फेकीने सामना जिंकला असे म्हणण्यापेक्षा फेकीच्या धाकाने धावायला जागा करून दिली असे म्हणणे अधिक बरोबर. हार्पर यांच्या आखणीचे मर्म या ठिकाणी दिसते.

न्यूयॉर्क तिथून पन्नास मैलांवर. तिथल्या वृत्तपत्रांचे वार्ताहर सामन्याला हजर होते, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने या मोकळ्या, हवाई खेळाचे भरभरून वर्णन केले. सात वर्षे मध्य-पश्चिमेत चालू असलेली गोष्ट पूर्वेच्या वर्तमानपत्रांनी जणू त्या शनिवारीच जन्माला घातली. सेंट लुइसमध्ये १९०६ साली हे पाहिलेल्यांना हसू आले असेल. पण प्रसिद्धीचे गणित असेच असते : कोणी आधी केले यापेक्षा कोणासमोर केले, याला तिथे अधिक किंमत मिळते. हार्पर यांनी आर्मीला पत्र लिहिले नसते तर डोरे आणि रॉकनी यांनी त्याच फेकी कुठल्या तरी एड्रियनविरुद्ध करून ७४ गुण केले असते, आणि ते साउथ बेंडच्या स्थानिक पत्रात आतल्या पानावर आले असते.

सर्वांत लवकर शिकला तो हरलेला संघ. डेली यांनी उरलेल्या चार आठवड्यांत फेकीच्या चाली बसवल्या आणि नोव्हेंबरअखेर नौदल अकादमीविरुद्धच्या वर्षातल्या सर्वांत मानाच्या सामन्यात त्या वापरून २२-९ असा विजय मिळवला. आर्मीचा त्या हंगामातला एकमेव पराभव नोटर डेमकडून झालेला.

नोटर डेमचा संघ आठवड्याच्या आत, ७ नोव्हेंबरला, पेनसिल्व्हेनियात उतरला आणि पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर १४-७ असे हरवले. वेस्ट पॉइंटच्या विजयाच्या झगमगाटात हा सामना झाकोळला, पण तो अवघड होता : प्रवासाने थकलेले मोजके खेळाडू, आणि आता सावध झालेला प्रतिस्पर्धी. त्यानंतर थोडी उसंत मिळाली. २२ नोव्हेंबरला सेंट लुइसमध्ये ख्रिश्चन ब्रदर्स महाविद्यालयाविरुद्ध २०-७, आणि तिथूनच पुढे दक्षिणेला जाऊन २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ऑस्टिनला टेक्सासविरुद्ध ३०-७. टेक्सासही त्या दिवसापर्यंत अपराजित होते. चार आठवड्यांच्या अवधीत न्यूयॉर्क राज्यापासून टेक्सासपर्यंत रेल्वेने फिरून चार सामने जिंकणारा दुसरा महाविद्यालयीन संघ त्या काळात सहज सापडणार नाही. शेजाऱ्यांनी दार बंद केले म्हणून हा संघ फिरस्ता झाला, आणि फिरस्ता झाला म्हणून देशभर ओळखला गेला.

हंगामाअखेर मानसन्मान आले. डोरेला देशातल्या सर्वोत्तम अकरांच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून जागा मिळाली. नोटर डेमच्या खेळाडूला मिळालेला त्या तोलाचा हा पहिलाच मान. पूर्वेकडच्या मताचे प्रतिनिधी वॉल्टर कँप यांनी आपल्या यादीत आयकेनलाउबला दुसऱ्या आणि रॉकनीला तिसऱ्या संघात घेतले.

हार्पर यांची पुढची वर्षे या कामाची पुढची पाने होती. १९१४मध्ये त्यांनी थेट येलशी सामना ठरवला. त्यात नोटर डेमला २८-० असा सपाटून मार बसला. त्याच वर्षी आर्मीनेही २०-७ अशी परतफेड केली. पण हरूनही वेळापत्रक टिकले, आणि आर्मीबरोबरचा सामना तर १९१८चा अपवाद सोडता १९४७पर्यंत दरवर्षी होत राहिला. १९२०च्या दशकात तो न्यूयॉर्क शहरात हलला. शहरातल्या लाखो कॅथलिक स्थलांतरितांनी इंडियाना कधीही न पाहता या संघाला आपला मानले. नोटर डेमच्या कीर्तीचा आणि उत्पन्नाचा मोठा स्रोत तो सामना ठरला. त्याची सुरुवात हजार डॉलरच्या पत्राने झाली होती.

पदवीनंतर रॉकनी महाविद्यालयातच राहिला. अर्धा वेळ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि उरलेला अर्धा मैदानावर हार्पर यांचा साहाय्यक म्हणून. पाच हंगामांत ३४ विजय, ५ पराभव आणि १ बरोबरी अशी कामगिरी करून हार्पर यांनी १९१८च्या सुरुवातीला नोकरी सोडली आणि कॅन्ससमधल्या कुटुंबाच्या गुराढोरांच्या रँचवर गेले. जागेवर त्यांनी रॉकनीचेच नाव सुचवले. तेरा वर्षांत रॉकनीने १०५ सामने जिंकले आणि १२ हरले. हे प्रमाण आजही अमेरिकन फुटबॉलमध्ये वाखाणले जाते. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमधल्याच बझार गावाजवळ विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला. नोटर डेमने खेळांच्या संचालकपदासाठी पुन्हा हार्पर यांना बोलावले. ते आले, दोनेक वर्षे गाडी रुळावर ठेवली आणि रँचवर परतले.

१९१३च्या हंगामाला दंतकथेचे रूप दिले ते रॉकनीच्याच आठवणींनी. १९३०मध्ये त्या कॉलिअर्स साप्ताहिकातून क्रमशः आल्या. रॉकनीच्या जीवनावरच्या १९४०च्या चित्रपटाने त्यावर कळस चढवला, आणि फेक म्हणजे दोन मित्रांनी सरोवराकाठी लावलेला शोध, ही समजूत घरोघरी पोहोचली. रॉकनी अप्रतिम गोष्टीवेल्हाळ होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हार्पर यांनी मात्र आपली बाजू मांडायला कधी पुस्तक लिहिले नाही. रँचवरच्या माणसाची मुलाखत घ्यायला वार्ताहर क्वचितच जात.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये रॉकनीचा समावेश १९५१च्या पहिल्याच तुकडीत झाला आणि डोरेचा १९५४मध्ये. जेसी हार्पर १९६१ साली वारले. त्यांचे नाव त्या यादीत आले ते १९७१मध्ये.